सातशे ड्रॉइंगांची यादी हातानं टाइप करू नका

ताई, तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर लगेच कळेल. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तुम्ही ऑफिस बघता. सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये ड्रॉइंगांच्या सातशेच्या वर फायली आहेत, काही आतल्या फोल्डरांत. पुढच्या आठवड्यात ग्राहक कंपनीचं ऑडिट आहे आणि साहेब म्हणाले, ‘सगळ्या फायलींच्या नावांची यादी प्रिंट काढून ठेवा.’ तुम्ही एक्सेल उघडून एकेक नाव बघत टाइप करायला घेतलंय, आणि विचारताय की फोल्डरवर राइट क्लिक केल्यावर ‘प्रिंट’ का येत नाही.

येणार नाही. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डरची यादी छापायची सोयच दिलेली नाही. आजच्या विंडोज ११ मध्येही नाही. म्हणून लोक स्क्रीनचे फोटो काढून छापतात नाहीतर तुमच्यासारखं टाइप करत बसतात. टाइपिंग आधी थांबवा. वेळ जातो हे तर आहेच, पण मोठा धोका चुका होण्याचा आहे. ड्रॉइंग नंबरात शून्याच्या जागी ‘ओ’ पडला, आठाच्या जागी ‘बी’ पडला, की ऑडिटर नेमका तोच नंबर फाइल उघडून दाखवायला सांगतो. नावं कॉम्प्युटरकडूनच घ्यायची, आपल्या डोळ्यांवर आणि बोटांवर सोडायची नाहीत.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या वर्कशॉपांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आहे, आणि ऑडिटच्या तोंडावर हा फोन हमखास येतो. माझं सांगणं नेहमी एकच असतं: फोल्डरमधून थेट प्रिंटरकडे जायचा मार्ग शोधू नका. नावं आधी एक्सेलमध्ये आणा आणि प्रिंट तिथून काढा. यादी छापून झाल्यावर तिच्यात एक कॉलम वाढवा, नको त्या फायली काढा, क्रम बदला, अशी मागणी होणारच असते.

आता नावं आणायची कशी ते बघू. मार्ग बरेच आहेत, सगळे सारखे नाहीत.

सगळ्यात घाईचा मार्ग असा. फोल्डर उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या फायली निवडा. विंडोज १० असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि पहिल्या फाइलवर राइट क्लिक करा. मेनूत ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ दिसेल. शिफ्ट न धरता क्लिक केलं तर तो पर्याय येत नाही, म्हणून तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. विंडोज ११ मध्ये साध्या राइट क्लिकवरच येतो. राइट क्लिक पहिल्याच फाइलवर करा, कारण मधल्या फाइलवर केलं तर कॉपी झालेली यादी तिथून सुरू होते. मग एक्सेलच्या कोऱ्या पानावर पहिल्या चौकोनात पेस्ट करा. सातशे ओळी एका झटक्यात येतात.

मात्र प्रत्येक नावाच्या आधी सगळा पत्ता चिकटलेला असतो, ड्राइव्हपासून फोल्डरापर्यंत, आणि दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं. ते काढायला कंट्रोल आणि एच दाबा. ‘फाइंड व्हॉट’मध्ये चांदणी आणि तिच्यापुढे उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, टाका, *\ असं दिसलं पाहिजे. ‘रिप्लेस विथ’ कोरं ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’ करा. शेवटच्या बॅकस्लॅशपर्यंतचा सगळा पत्ता उडतो. मग नावाच्या शेवटी उरलेलं अवतरणचिन्ह तसंच कोऱ्यानं बदला. झाली यादी. एकाच फोल्डरमधल्या फायली असतील, कायमची व्यवस्था नको असेल, तर यापुढे वाचायची गरज नाही.

तुमच्याकडे आत आणखी फोल्डर आहेत. हा मार्ग आतल्या फोल्डरांचं फक्त नाव देतो, त्यांच्यातल्या फायली देत नाही.

दुसरा एक मार्ग फार कमी जण वापरतात, तो म्हणजे क्रोम. फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक केलं की पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, निळा होतो. तो कॉपी करा, क्रोमच्या पत्त्याच्या जागी पेस्ट करा, एंटर. इंटरनेट नसलं तरी चालतं. समोर फोल्डरची साधी यादी येते: नाव, साइज आणि शेवटचा बदल झाल्याची तारीख. कॉलमच्या नावावर क्लिक केलं की क्रम बदलतो. कंट्रोल आणि पी दाबा, प्रिंटच्या पर्यायांत ‘हेडर्स अँड फूटर्स’वर टिक ठेवा, की कागदावर तारीख आणि फोल्डरचा पत्ता आपोआप छापून येतो. मराठी नावं इथं जशीच्या तशी दिसतात. साहेबांना आत्ता, पाच मिनिटांत कागद हवा असेल तर हे उत्तम. आतल्या फोल्डरांच्या बाबतीत मात्र इथंही तीच मर्यादा.

तिसरा मार्ग कमांडचा. आयटीवाला कुणीही हाच सांगेल, आणि नेमका तुमच्या ऑफिसात तो दगा देईल. का ते सांगतो. आज्ञा मी इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे. फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर मारायचं, काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. तिथं अशी ओळ द्यायची:

डीआयआर /ए-डी /बी /एस > डी:\यादी.टीएक्सटी

डीआयआर म्हणजे यादी दे. /बी म्हणजे फक्त नावं, बाकी मजकूर नको. /एस म्हणजे आतल्या फोल्डरांतलीसुद्धा, आणि मग प्रत्येक ओळीत पूर्ण पाथ येतो. /ए-डी म्हणजे फोल्डरांची नावं वगळ, फायलीच दे. आणि > हे चिन्ह म्हणजे यादी स्क्रीनवर न दाखवता त्या फाइलीत ओत. शिफ्ट धरून पूर्णविरामाची की दाबली की ते उमटतं. यादी डी ड्राइव्हवर पाठवली याला कारण आहे. त्याच फोल्डरमध्ये पाठवली तर यादीची फाइल आधी तयार होते आणि मग यादी सुरू होते, त्यामुळे यादीत यादीचंच नाव येतं. सी ड्राइव्हच्या मुळाशी लिहायला विंडोज सहसा देत नाही. डी ड्राइव्ह नसेल तर पेन ड्राइव्ह लावा आणि त्याचं अक्षर द्या.

आता दगा कुठं ते बघा. तुमचा ‘सर्व्हर’ म्हणजे बहुधा कोपऱ्यातला एक पीसी, ज्यातलं फोल्डर सगळ्यांना शेअर केलंय. ‘नेटवर्क’मधून त्या फोल्डरमध्ये गेलात की पत्ता दोन बॅकस्लॅशनं सुरू होतो. काळ्या खिडकीला असा पत्ता चालत नाही. ती एक छोटीशी तक्रार छापते आणि गपचूप सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये जाऊन उभी राहते. ती तक्रार वाचली नाही आणि आज्ञा दिली, की यादी तयार होते, भली मोठी होते, पण ती तुमच्या ड्रॉइंगांची नसते. विंडोजच्या स्वतःच्या फायलींची असते. उपाय सोपा आहे: आधी पीयूएसएचडी लिहायचं, एक स्पेस, मग तो दोन बॅकस्लॅशवाला पत्ता, एंटर. त्या फोल्डरला तात्पुरतं एक ड्राइव्हचं अक्षर मिळतं आणि मग डीआयआर नीट चालतं. पत्त्यात कुठं स्पेस असेल तर सगळा पत्ता अवतरणचिन्हांत घाला.

दुसरी खोच मराठी नावांची. फायलींची नावं ‘सुधारित कव्हर’, ‘जुना पॅटर्न’ अशी देवनागरीत असतील, तर कमांडनं केलेल्या यादीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. काळी खिडकी अजून जुन्या इंग्रजी अक्षरसंचावर चालते, त्याचा हा परिणाम. डीआयआर देण्याआधी त्याच खिडकीत सीएचसीपी ६५००१ अशी ओळ द्या, म्हणजे पुढचं सगळं युनिकोडमध्ये, सगळ्या लिप्यांची अक्षरं सांभाळणाऱ्या पद्धतीत, लिहिलं जातं. खिडकीत चौकोन दिसले तरी घाबरू नका, तो तिथल्या फॉन्टचा दोष. फाइलीत अक्षरं नीट असतात. ही फाइल एक्सेलमध्ये घेताना डबल क्लिक न करता ‘डेटा’ टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट / सीएसव्ही’नं घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये युनिकोड यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीचा काला होतो.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टच्या कीबोर्डवर कुणी मराठी समजून नावं टाइप केली असतील, तर ती विंडोजला इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसते. ती यादीत सुधारण्याचा मार्ग नाही. आत काय आहे ते बघून, फाइल बंद करून तिचं नावच बदलावं लागतं, तेही ऑडिटनंतर.

एवढा तपशील अशासाठी दिला, की कमांडचा मार्ग वाईट नाही, पण ऑडिटच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करून बघायचा नाही. त्यापेक्षा तुमच्यासाठी चौथा मार्ग योग्य, आणि माझा कल सरळ त्याच्याकडे आहे.

एक्सेल स्वतःच फोल्डर वाचतं. एक्सेल २०१६ पासून पुढं ही सोय आतच आहे. कोरी फाइल उघडा, ‘डेटा’ टॅब, तिथं ‘गेट डेटा’, मग ‘फ्रॉम फाइल’, मग ‘फ्रॉम फोल्डर’. २०१६ मध्ये ‘गेट डेटा’च्या जागी ‘न्यू क्वेरी’ असं लिहिलेलं असेल. फोल्डर दाखवा, नेटवर्कवरचा पत्ता इथं बिनतक्रार चालतो, मराठी नावंही चालतात, आणि आतल्या सगळ्या फोल्डरांतल्या फायली न सांगता येतात. एक नमुना यादी दिसेल. तिथं ‘लोड’ दाबू नका, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबा. २०१६ मध्ये तिथं ‘एडिट’ असतं.

नवी खिडकी उघडते. तिच्यात नाव, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतरचं शेपूट), तारखांचे तीन कॉलम, फोल्डरचा पाथ वगैरे असतं. कंट्रोल धरून नाव, एक्स्टेन्शन, ‘डेट मॉडिफाइड’ आणि ‘फोल्डर पाथ’ एवढे कॉलम निवडा, राइट क्लिक, ‘रिमूव्ह अदर कॉलम्स’. मग एक्स्टेन्शनच्या कॉलमवरचा बाण उघडा.

इथं जरा थांबा, कारण खरं काम इथंच आहे. ऑटोकॅड या ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग सेव्ह केलं की डीडब्ल्यूजी फाइलीशेजारी त्याच नावाची बीएके फाइल तयार होते, मागच्या सेव्हची प्रत म्हणून. फोल्डरमध्ये सातशे फायली दिसतात त्यांत ड्रॉइंगं कदाचित चारशेच असतील, बाकी बीएके. ती तशीच यादीत गेली तर ऑडिटर विचारणार, एकाच नंबरची दोन ड्रॉइंगं कशी, चालू कुठलं? शिवाय कुणी एक्सेल किंवा वर्डची फाइल उघडी ठेवली असेल, तर तरंगरेघ (~) आणि डॉलरच्या चिन्हानं सुरू होणारी एक लपलेली फाइल तिथं असते. एक्सप्लोरर ती दाखवत नाही, ही खिडकी दाखवते. फोटोंच्या फोल्डरमध्ये कधीकधी थंब्स.डीबी नावाचीही असते. बाण उघडून फक्त हव्या त्या एक्स्टेन्शनवर टिक ठेवा: डीडब्ल्यूजी, पीडीएफ, तुमच्याकडे जे असेल ते. या खिडकीला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं वाटतं, त्यामुळे एकच एक्स्टेन्शन दोनदा दिसलं तर दोन्हींवर टिक करा. मग ‘होम’ टॅबमधलं ‘क्लोज अँड लोड’. यादी एक्सेलमध्ये उतरली.

याचा फायदा पुढच्या महिन्यात कळेल. नवीन ड्रॉइंगं आली, जुनी गेली, तरी तीच एक्सेल फाइल उघडायची आणि ‘डेटा’मधलं ‘रिफ्रेश ऑल’ दाबायचं. यादी ताजी होते, गाळणी तीच लागते. साहेब दर ऑडिटला यादी मागणार असतील तर एकदा लावलेली ही जोडणी पुरे.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो, कारण यात भले भले अडकतात. उतरलेल्या यादीच्या शेजारी तुम्ही हातानं ‘शेरा’ किंवा ‘पॅटर्न कुठल्या रॅकवर’ असा कॉलम लिहिला, आणि नंतर रिफ्रेश केलं, तर नावं वरखाली होतात पण तुमचे शेरे जागचे हलत नाहीत. म्हणजे एका कव्हरचा शेरा दुसऱ्याच ब्रॅकेटपुढे जाऊन बसतो, आणि स्क्रीनवर काहीही बिघडल्यासारखं दिसत नाही. हातानं लिहायच्या गोष्टी वेगळ्या शीटवर ठेवा, पहिल्या कॉलमला फाइलचं नाव, दुसऱ्याला शेरा. आणि यादीच्या शेजारी व्हीलुकअप, म्हणजे नाव शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला, लावून शेरा तिथून ओढा. नवं एक्सेल असेल तर एक्सलुकअप वापरा. रिफ्रेश केल्यावर शेरा आपल्या नावाबरोबरच फिरतो. वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फायली असतील, तर जोडताना फोल्डरचा पाथही धरावा लागतो, तेवढं बघा.

आता साहेबांना काय हवंय, तिकडे येऊ. ते ‘फायलींची यादी’ म्हणाले असतील, पण ऑडिटर जे बघणार ती ड्रॉइंगांची मास्टर लिस्ट. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.५ कागदपत्रांच्या नियंत्रणाबद्दल आहे: कागदाची ओळख पटली पाहिजे, चालू आवृत्ती कुठली ते कळलं पाहिजे, जुनी चुकून वापरात येता कामा नये. नुसत्या नावांची यादी यातलं पहिलंच दाखवते. म्हणून यादीला निदान अनुक्रमांक, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी आवृत्ती ते), रिव्हिजनची तारीख आणि फोल्डर एवढे कॉलम हवेत.

रिव्हिजन फाइलच्या नावातच असेल, म्हणजे नंबराच्या शेवटी अंडरस्कोअर आणि आर-२ असं, तर ते वेगळं काढणं सोपं आहे. कोऱ्या शीटवर नावं ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा, शेजारच्या कॉलमात पहिल्या एक-दोन ओळींत हातानं आर-२, आर-० असं लिहा, तिसऱ्या ओळीत कंट्रोल आणि ई दाबा. एक्सेल रीत ओळखून खालपर्यंत भरत जातं. नंतर खाली जाऊन दहा-वीस ओळी डोळ्यांखालून घाला, कारण एखादं नाव वेगळ्या धाटणीचं असेल तिथं ते अंदाज मारतं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल लास्ट’ अशी नावं असतील तर एक्सेलच काय, ड्रॉइंग काढणाऱ्यालाही रिव्हिजन सांगता येणार नाही.

रिव्हिजनच्या तारखेच्या जागी ‘डेट मॉडिफाइड’ कधीही घालू नका. मोह होतो, कारण ती आयती मिळते. पण कुणी ड्रॉइंग उघडलं, एक रेघ इकडची तिकडे केली, सेव्ह केलं, की ती तारीख बदलते, रिव्हिजन बदललेलं असो वा नसो. ‘डेट क्रिएटेड’ त्याहून फसवी: फाइल नव्या कॉम्प्युटरवर कॉपी केली की ती कॉपीच्या दिवसाची होते, आणि बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. म्हणजे फाइल आधी बदलली आणि नंतर जन्मली असा चमत्कार कागदावर दिसतो. रिव्हिजनची तारीख ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधूनच, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतूनच, घ्यायची. तेवढं काम हातानं करावं लागेल, त्याला पर्याय नाही. निदान ऑडिटला येणाऱ्या ग्राहकाच्या पार्टांपुरतं तरी करा.

नावातून डीडब्ल्यूजी हे शेपूट काढायचं असेल तर फाइंड-रिप्लेस वापरू नका, सब्स्टिट्यूट हा फॉर्म्युला वापरा. कारण असं: फाइलचं नाव १२-०५ असेल, तर शेपूट आहे तोवर ते नाव असतं. शेपूट काढताच एक्सेल त्याला तारीख समजतं आणि १२ मे किंवा ५ डिसेंबर करून टाकतं. ००४५ चा ४५ होतो. फॉर्म्युल्यातून आलेलं उत्तर मात्र मजकूरच राहतं. सब्स्टिट्यूटलाही कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतो, त्यामुळे काही नावांचं शेपूट राहिलं तर त्यांचं एक्स्टेन्शन कॅपिटल आहे का बघा. किंवा शेपूट राहू द्या की. ऑडिटरला त्याचं काही वाटत नाही.

क्रमाबद्दलही तुम्हाला आश्चर्य वाटेल. फोल्डरमध्ये १, २, ३ … १० असा नीट क्रम दिसतो, आणि एक्सेलमध्ये लावला की १, १०, १००, २ असा होतो. विंडोज एक्सप्लोरर नावातल्या आकड्याची किंमत बघून क्रम लावतो, एक्सेल आणि डीआयआर अक्षरागणिक बघतात. नंबर सुरुवातीपासून ०००१, ०००२ असे सारख्या लांबीचे दिलेले असले की हा प्रश्नच येत नाही. जुन्या अमोनिया प्रिंटांवर, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदी प्रतींवर, कोपऱ्यात चार आकडी नंबर सुबक हातानं घातलेले असायचे. ती शिस्त कॉम्प्युटर आल्यावर सुटली.

छापताना चार गोष्टी. ‘पेज लेआउट’मधल्या ‘प्रिंट टायटल्स’मध्ये जाऊन ‘रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप’ला पहिली ओळ द्या, म्हणजे प्रत्येक पानावर कॉलमांची नावं येतात. प्रिंटच्या खिडकीत स्केलिंगला ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ निवडा, नाहीतर फोल्डरचा कॉलम वेगळ्याच पानावर एकटा छापून येतो. फूटरमध्ये पान क्रमांक आणि एकूण पानं असं दोन्ही घाला. मधलं पान हरवलं तर लगेच कळतं. आणि तारीख. फूटरमधली आपोआप येणारी तारीख ही छापल्या दिवसाची असते, म्हणून यादी ज्या दिवशी रिफ्रेश केली ती तारीख वर हातानं टाइप करा, खाली ‘तयार केली’ आणि ‘तपासली’ यांना सहीची जागा सोडा. साध्या ए-४ वर उभ्या पानात पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस ओळी बसतात, म्हणजे सातशे नावांना पंधरा-सोळा पानं. बीएके काढल्यावर पानं आणखी कमी होतील.

नुसती नावंच हवी असतील आणि ती आखूड असतील, तर वर्डमध्ये पेस्ट करून ‘लेआउट’मधून तीन कॉलम पाडा, चार-पाच पानांत उरकतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मॅकवर फाइंडरमध्ये सगळं निवडून कॉपी करा आणि टेक्स्टएडिटमध्ये साध्या मजकुरासारखं पेस्ट करा, फक्त नावं उतरतात. फायली गूगल ड्राइव्हवर असतील तर त्याचं डेस्कटॉपवरचं अ‍ॅप घाला. कॉम्प्युटरवर एक ड्राइव्हचं अक्षर येतं आणि वरचे सगळे मार्ग तिथं चालतात. फोन केबलनं जोडला तर त्याला असं अक्षर मिळत नाही, म्हणून फोनमधल्या फायली आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आणि राजारामपुरीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओवाल्याला नावाबरोबर बारका फोटोही हवा असेल, तर फोटो निवडून राइट क्लिक, ‘प्रिंट’, आणि उजवीकडे ‘कॉन्टॅक्ट शीट’. एका पानावर ३५ फोटो, प्रत्येकाखाली नाव. विंडोज ११ मध्ये हे जुनं प्रिंट ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत सापडतं. जुने लोक डीआयआर पुढे > पीआरएन लिहून यादी थेट डॉट मॅट्रिक्सवर काढायचे. ती पॅरलल पोर्टची गंमत होती, आजच्या यूएसबी प्रिंटरवर तशी चालत नाही.

फोल्डरची यादी छापून देणारी फुकट सॉफ्टवेअरं शोधलीत तर ढिगानं सापडतील. मी ती ग्राहकाच्या ड्रॉइंगांवर चालवू देत नाही. फाइलच्या नावात ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, कधी प्रकल्पाचं नावसुद्धा असतं, आणि गोपनीयतेच्या करारावर तुमच्या मालकांची सही असते. यादी ‘ऑनलाइन’ बनवून देणाऱ्या साइटवर तर ती टाकूच नका. जे काम एक्सेल घरात करतंय त्यासाठी बाहेरचा माणूस कशाला.

एक शेवटचं, कारण यादी हातात आली की तुम्हाला हे सुचणारच. वेडीवाकडी नावं एकदम डोळ्यांसमोर येतील आणि वाटेल, ऑडिटच्या आधी सगळी सरळ करून टाकू. करू नका. ऑटोकॅडमध्ये एका ड्रॉइंगला दुसरं जोडलेलं असतं, सॉलिडवर्क्समध्ये असेंब्लीला पार्ट जोडलेले असतात, आणि ती जोडणी फाइलच्या नावावर चालते. विंडोजमधून नाव बदललं की असेंब्ली उघडताना पार्ट सापडत नाही म्हणून विचारते, आणि तेही नेमकं ऑडिटर शेजारी बसलेला असताना. बीएके फायलीसुद्धा आत्ता डिलीट करू नका, यादीतून गाळल्यात तेवढं पुरे. नावं बदलायची ती ऑडिटनंतर, डिझाइनच्या माणसाला शेजारी बसवून, आणि सगळ्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन झाल्यावर.